आला कुठून, गेला कुठे : सर्जने जळालेल्या बोर्डांची दुरुस्ती

प्रस्तावना

वळवाचा पाऊस एक रात्र गडगडून गेला की दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या दुकानात एकच वाक्य दिवसभर ऐकू येते : ‘काल लाइट गेली, परत आली, आणि तेव्हापासून मशीन चालूच होत नाही.’ वॉशिंग मशीन, राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, एसीचे बाहेरच्या युनिटमधले कार्ड, शेतातल्या पंपाचा कंट्रोलर. गिऱ्हाइकाच्या लेखी हे सगळे ‘हाय व्होल्टेजने उडाले’. काउंटरपलीकडच्या माणसाला मात्र या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळे रोग दिसायला हवेत. ते दिसले नाहीत तर जळालेला भाग बदलला जातो, बोर्ड चालू होते आणि पुढच्या गडगडाटाला तेच बोर्ड त्याच टेबलावर परत येते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हे परत येणे आहे.

पहिला रोग तुटलेल्या न्यूट्रलचा. घरात येणारे २३० व्होल्ट फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले असतात; दोन फेजमध्ये मोजले तर सुमारे ४०० भरतात. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रलचा जोड सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि ते ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ही वाटणी उरफाटी असते. ज्याच्याकडे गिझर चालू आहे त्याचे दिवे मंदावतात. ज्याच्याकडे फक्त टीव्ही आणि एखादा एलईडी बल्ब चालू आहे त्याच्या घरात दाब साडेतीनशेच्या पुढे सरकतो. कमी वीज वापरणाऱ्याचेच सामान आधी जळते. आणि हे प्रकरण क्षणात संपत नाही, कोणीतरी मेन स्विच खाली करेपर्यंत चालू राहते.

दुसरा रोग आभाळातून येतो. बोर्ड मरायला वीज घरावरच पडावी लागत नाही. स्विस संशोधक कार्ल बर्गर यांनी मॉन्टे सान साल्वातोरे या डोंगरावर मनोरे उभारून १९४० च्या दशकापासून विजेचा प्रवाह मोजला. पहिल्या लोळाचा मध्यम आकडा म्हणून आज जे ३० हजार अँपिअर धरले जातात ते त्यांच्या मोजमापांतून रूढ झाले. एवढा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो, तेव्हा आसपासच्या प्रत्येक लांब तारेत दाब उभा राहतो : विजेच्या लाइनमध्ये, केबल टीव्हीच्या तारेत, गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या वायरमध्ये. शिवाय ज्या ठिकाणी वीज जमिनीत उतरते तिथली जमीनच क्षणभर उंच दाबाला जाते. खांबावरचा कॅमेरा आणि घरातला डीव्हीआर यांना जोडणारी केबल मग या दोन जमिनींमधला फरक स्वतःच्या अंगावर घेते.

तिसरा रोग रोजचा आणि किरकोळ दिसणारा. कंप्रेसर बंद होतो, शेजारच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग सुरू होते, गेलेली लाइट एकदम परत येते. प्रत्येक वेळी लाइनवर छोटासा झटका उमटतो. एका झटक्याने काही होत नाही. वर्षानुवर्षे ते साचत जातात आणि संरक्षणासाठी बसवलेला भाग हळूहळू कमजोर करतात. मग एक दिवस काहीही कारण नसताना बोर्ड ‘आपोआप’ जाते.

या तिन्हींच्या खुणा वेगळ्या असतात. पूर ओसरल्यावर भिंतीवरची रेघ पाणी कुठवर चढले ते सांगते, तसे जळालेले बोर्ड सर्ज, म्हणजे हा जादा दाब, कुठून शिरला आणि कुठून बाहेर पडला ते सांगते. न्यूट्रल तुटल्याचे नुकसान बहुधा मेनच्या तोंडाशी साचलेले असते : फुटलेला एमओव्ही (जादा दाबाला वाट देणारी चकती), फुगलेला मोठा कपॅसिटर, काळा पडलेला फ्यूज. विजेचे नुकसान विखुरलेले असते आणि पुष्कळदा भलतीकडे असते. राउटरचा पॉवरचा भाग ठणठणीत, पण लॅन पोर्टामागची आयसी गेलेली. टीव्हीचा पॉवर सप्लाय चांगला, पण एचडीएमआय पोर्ट मेलेला. गंमत म्हणजे अशा वेळी फ्यूज अनेकदा शाबूत असतो. फ्यूजची तार वितळायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी सर्ज येऊन गेलेला असतो.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. वॉशिंग मशीनच्या बोर्डावर मेनची वायर जिथे येते, तिथे काचेचा छोटा फ्यूज आणि त्याच्या मागे निळसर चकती असते. चकतीवर ‘१४डी४७१’ असे छापलेले असते. चौदा म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. त्या दाबाला तिच्यातून एक मिलिअँपिअर प्रवाह जाऊ लागतो. एसीवर तिची मर्यादा ३०० व्होल्ट. हा झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर, म्हणजेच एमओव्ही. साध्या दाबाला तो गप्प असतो, दाब वाढला की वाट मोकळी करून देतो. वीस मायक्रोसेकंदांच्या एका झटक्यात ही चकती हजारो अँपिअर पचवते. पण सतत उष्णता सोसायची तिची ताकद जेमतेम ०.६ वॅट आहे.

आता न्यूट्रल तुटून घरात ३८० व्होल्ट आले असे समजा. त्याचे शिखर ५३७ व्होल्टवर जाते. सेकंदाला शंभर वेळा, प्रत्येक अर्ध्या लाटेत, चकती वाहू लागते आणि बघता बघता तडकते, शॉर्ट होते, फ्यूज उडवते. नशीब बरे असेल तर नुकसान तिथेच थांबते. नसेल तर पुढचा ४५० व्होल्टचा कपॅसिटरही डोके फोडून घेतो. म्हणून फ्यूजची काच आधी पाहायची. आतून आरशासारखी काळी झाली असेल तर प्रवाह प्रचंड होता, म्हणजे पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. तार नुसती मध्यात तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल तर गोष्ट वेगळी आहे.

इथेच दुरुस्तीच्या धंद्यातली एक सर्रास चालणारी युक्ती आडवी येते. फुटलेली चकती कटरने कापून टाकायची, फ्यूज नवा घालायचा, बोर्ड चालू! आणि खरोखर चालते, कारण चकती चालण्यासाठी लागतच नाही, मरू नये म्हणून लागते. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पुढचा झटका मात्र थेट ब्रिज, मॉसफेट आणि मायक्रोकंट्रोलरपर्यंत पोहोचतो. तेव्हा मात्र बोर्ड भंगारात.

सर्जचा अभ्यास इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात तारायंत्राच्या तारा गावोगाव पसरल्या, तेव्हापासून ऑफिसांतल्या यंत्रांना विजेपासून वाचवण्यासाठी ठिणगीच्या फटी ठेवल्या जाऊ लागल्या. वीजवाहिन्यांचे जाळे वाढले तसा प्रश्न ट्रान्सफॉर्मर आणि इन्सुलेटरांचा झाला. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या शेनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून दाखवली, ती याच गरजेतून. घरातल्या यंत्रांची चिंता तेव्हा कोणाला नव्हती, कारण व्हॉल्व्हचा रेडिओ दणकट होता. व्हॉल्व्हच्या आत पोकळी असते. क्षणभर जास्त दाब आला तर ठिणगी उडते आणि काम पुढे चालू राहते.

ट्रान्झिस्टरने हा दणकटपणा संपवला. सिलिकॉनचा जोड इतका लहान असतो की उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. डी. सी. वुन्श आणि आर. आर. बेल यांनी १९६८ मध्ये याचे गणित मांडले : झटका जितका आखूड, तितकी जास्त शक्ती जोड सोसतो, पण वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबात. अणुस्फोटाच्या विद्युतचुंबकीय झटक्यात लष्करी उपकरणे टिकतील का, या प्रश्नातून ते काम आले होते. आज त्याचा उपयोग चार्जरमधला डायोड का मेला हे समजायला होतो. साधारण त्याच काळात जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर घडवला आणि १९७० च्या दशकात तो जगभर पोहोचला. संरक्षण पहिल्यांदाच एवढे स्वस्त झाले की घरगुती बोर्डावर ते बसवणे परवडू लागले.

त्याच दशकापासून पॉवर सप्लायही बदलला. जुन्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे वजन हेच एक संरक्षण होते. तो मेन आणि सर्किट यांच्यामध्ये आडवा उभा असे. त्याच्या जागी आलेल्या एसएमपीएसमध्ये (स्विच-मोड पॉवर सप्लायमध्ये) मेनचे २३० व्होल्ट थेट ब्रिजवर जातात आणि ३२५ व्होल्ट डीसी होऊन मॉसफेटच्या दारात उभे राहतात. वजन आणि विजेची नासाडी कमी झाली, सर्जची वाट मात्र आखूड झाली. त्यामुळेच कारखान्यात बोर्डांची सर्ज-चाचणी आवश्यक ठरली. आयईसी ६१०००-४-५ या मानकात झटक्याचा आकारही ठरलेला आहे : दाबाची लाट १.२ मायक्रोसेकंदांत चढणारी आणि ५० मध्ये निम्म्यावर येणारी, प्रवाहाची ८ आणि २० मायक्रोसेकंदांची.

दुरुस्तीची विद्या मात्र वेगळ्या घरात वाढली, रेडिओच्या दुकानात. तिथे ठळकपणे चार परंपरा दिसतात.

पहिली नकाशावाल्यांची. अमेरिकेत जॉन रायडर यांनी १९३१ पासून रेडिओंच्या सर्किट-आकृत्यांचे जाडजूड खंड काढले; १९४६ पासून हॉवर्ड सॅम्स यांच्या ‘फोटोफॅक्ट’ संचांनी तेच काम पुढे नेले. आकृती समोर ठेवायची, प्रत्येक टोकावर किती व्होल्ट असायला हवेत ते पाहायचे, मोजायचे, आणि जिथे फरक पडेल तिथे थांबायचे. भारतात आयटीआयचे शिक्षण मुख्यतः याच परंपरेचे. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, आणि टीव्ही मेकॅनिकांची एक अख्खी पिढी आकृत्यांच्या झेरॉक्स प्रतींवर तयार झाली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हे त्या पिढीचे बाजार आणि तिच्या गप्पांचे कट्टेही.

दुसरी परंपरा तुलनेची. आकृती नाही, पण तसेच एक चांगले बोर्ड हाताशी आहे. बोर्डाला वीज न देता दोन्हींच्या एकाच बिंदूवर हलका एसी दाब लावून दाब-प्रवाहाची रेषा पडद्यावर पाहायची; रेषा जुळली नाही तर दोष तिथे. कारखान्यांतली महागडी कंट्रोल कार्डे दुरुस्त करणारे या पद्धतीवर बराच भर देतात. सर्जच्या बाबतीत ती विशेष उपयोगी, कारण अर्धमेल्या झालेल्या आयसीची रेषा थोडीशी वाकडी दिसते. मल्टिमीटरच्या बीपला ते कळत नाही.

तिसरी परंपरा उष्णतेची. शॉर्ट झालेल्या लाइनवर कमी व्होल्टचा, मर्यादित प्रवाह सोडायचा आणि बोर्डावर कुठे गरम होते ते पाहायचे. थर्मल कॅमेरा नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरून कुठे आधी वाळते ते पाहायचे. मोबाइल आणि लॅपटॉपच्या दुरुस्तीत ही पद्धत रुळली. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या लुई रॉसमन यांच्यासारख्यांनी आपले काम व्हिडिओवर उघड दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून ती जगभरच्या छोट्या दुकानांपर्यंत गेली.

चौथी परंपरा सर्वांत जुनी आणि सर्वांत बदनाम : संशय आला तो भाग बदलून बघायचा. तिची टिंगल करणे सोपे आहे. पण वीस वर्षे एकाच कंपनीच्या फ्रिजची कार्डे हाताळणाऱ्याला कोणता भाग आधी जातो हे आकड्यांत माहीत असते, आणि तो आकृतीवाल्याच्या आधी दुरुस्ती संपवतो. तिचा दोष वेगळा आहे. भाग का गेला हा प्रश्न ती विचारत नाही. एरवी ते खपते. सर्जमध्ये महागात पडते, कारण जळालेला भाग हा बहुतेक वेळा मार्गातला एक थांबा असतो.

हे पुस्तक या चारांपैकी एकाही घराण्याचे नाही. त्याचे म्हणणे एवढेच की सर्जच्या बोर्डावर कोणतीही पद्धत लावण्याआधी मार्ग काढावा : शिरण्याची जागा, बाहेर पडण्याची जागा, आणि त्यांच्यामध्ये जे जे आले ते. मग त्या मार्गावर नकाशा, तुलना, उष्णता, अनुभव, जे हाताशी असेल ते वापरावे. मार्गावरचा जो भाग चांगला दिसतो त्याच्यावर जास्त संशय घ्यावा.

त्याचे कारण पॉवर सप्लायमध्ये स्पष्ट दिसते. मॉसफेट आणि फ्यूज बदलले, पण फीडबॅक देणारा छोटा ऑप्टोकपलर अर्धवट मेलेला राहून गेला, तर पाच व्होल्टच्या जागी आठ-दहा व्होल्ट निघू शकतात आणि आतापर्यंत वाचलेला मायक्रोकंट्रोलर दुरुस्तीच्या टेबलावर मरतो. म्हणून अनुभवी माणूस सप्लाय पुढच्या सर्किटपासून सोडवतो, त्याला खोटा लोड लावतो आणि पहिल्यांदा सिरीज बोर्डावरच चालू करतो. साठ किंवा शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीजला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर कपॅसिटर भरला, सप्लाय जिवंत आहे. तसाच लखलखत राहिला तर शॉर्ट अजून आत आहे, आणि नवे भाग मात्र वाचले. एवढे काम करणारे यंत्र अजून तरी याहून स्वस्त निघालेले नाही.

बोर्डाचा कागदही तपासावा लागतो. स्वस्त फिनॉलिक बोर्डावर ठिणगी उडाली की तिथे कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते. वरून नवा भाग लावून, ट्रॅकच्या जागी जंपर मारून बोर्ड चालते. पावसाळी दमटपणात तोच काळा डाग पुन्हा पेट घेतो. तो स्वच्छ थर दिसेपर्यंत खरवडून काढणे किंवा तिथे सरळ भोक पाडणे, एवढाच उपाय असतो.

हा विषय आताच का, असे कोणी विचारील. पहिले कारण साधे आहे. पंख्यात, मिक्सरमध्ये, बल्बमध्ये, पिठाच्या गिरणीच्या स्टार्टरमध्ये पूर्वी बोर्ड नव्हते, आज आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’सारख्या योजनांनी शेताच्या मोकळ्या माळावर लोखंडी सांगाड्यावर पॅनेल आणि त्याखाली कंट्रोलर आणून ठेवला आहे. विजेला याहून सोयीची जागा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप वीज जवळ आल्याची सूचना देते. माणूस आडोशाला जातो, कंट्रोलर तिथेच राहतो.

दुसरे कारण कंपन्यांच्या धोरणात आहे. भाग मिळत नाही, आकृती मिळत नाही, अख्खे कार्ड घ्या म्हणतात, आणि कार्डाची किंमत यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते. वॉशिंग मशीनची अनेक कार्डे तर पाण्यापासून बचावासाठी जेलमध्ये बुडवलेली असतात. दुरुस्तीआधी तो थर टोकरत बसावे लागते. त्याविरुद्धची चळवळ आता कायद्यापर्यंत आली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश संमत केला. नवे ई-कचरा नियम भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. दहा रुपयांच्या चकतीसाठी फेकलेली कार्डे त्याच ढिगात असतात.

पुस्तकाचा वाचक तीन ठिकाणी बसलेला आहे : आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी, तालुक्याच्या गावी दुकान चालवणारा कारागीर, आणि हौसेखातर सोल्डरिंग गन हातात धरणारा. तिघांनाही मल्टिमीटर वापरता येतो असे गृहीत धरले आहे. गणित जिथे लागते तिथेच येते. उदाहरणे घरगुती उपकरणे, नेटवर्क, सीसीटीव्ही आणि शेतीपंप यांतली निवडली आहेत, कारण आपल्याकडच्या टेबलावर हीच येतात. मोटारींची ईसीयू आणि वैद्यकीय उपकरणे जाणूनबुजून बाहेर ठेवली आहेत. त्यांची जबाबदारी वेगळी आणि चाचण्याही वेगळ्या.

सुरक्षिततेच्या बाबतीत पुस्तक हेकट आहे, आणि ते योग्यच आहे. बंद बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. तो स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, रेझिस्टर लावून रिकामा करायचा. ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना जोडणारा निळा वाय कपॅसिटर गेला तर तिथे साधा डिस्क कपॅसिटर कदापि बसवायचा नाही. तो शॉर्ट झाला तर मेन थेट पत्र्याच्या बॉडीवर येते, आणि झटका वॉशिंग मशीनमधून कपडे काढणाऱ्याला बसतो. फ्यूजच्या जागी तार, हा विषय तर चर्चेलाही घेतलेला नाही.

दुरुस्तीची हद्द बोर्डाच्या कडेला संपत नाही, हे या पुस्तकाचे दुसरे आग्रही म्हणणे. एमओव्ही फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बसवलेला असेल आणि घराला अर्थच नसेल, तर तो शोभेचा आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला, अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षे पाणी न घातलेले, न्यूट्रलचा जोड काळा पडलेला : अशा घरात नवे कार्ड लावून येणे म्हणजे पुढच्या वळवाची तारीख देऊन येणे. म्हणून अर्थिंगचे आयएस ३०४३ हे मानक, मेन बोर्डातले सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस आणि जादा दाबाला लाइन तोडणारा रिले यांना पुस्तकात बोर्डाइतकीच जागा मिळाली आहे. गिऱ्हाइकाला काय विचारायचे याचीही यादी आहे : आणखी काय काय बंद पडले, दिवे आधी मंद झाले की एकदम उजळले, शेजाऱ्यांकडेही झाले का, आभाळ गडगडत होते का. या चार उत्तरांनी पेचकस हातात घेण्याआधीच तीनांपैकी कोणता रोग हे बऱ्याच अंशी ठरते.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे. त्यात बोर्डाचा प्रकार, शिरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा, बदललेले भाग, न बदललेले पण तपासलेले भाग आणि घरातले कारण, एवढे रकाने आहेत. मराठीत अशा नोंदी जवळजवळ कोणी छापलेल्या नाहीत. त्या कारागिरांच्या डोक्यात राहतात आणि दुकान बंद झाले की जातात. वाचकांनी भरलेले तक्ते पुढच्या आवृत्तीत घेण्याची लेखकाची तयारी आहे, आणि चुकलेल्या निदानांचे तक्ते त्याला आधी हवे आहेत.